यजमानांचे एकटेपण

‘द बँड्स व्हिजिट’ या इस्राएली चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर थोडा मजकूर उमटतो. काही काळापूर्वी इजिप्तच्या पोलिसांचा एक छोटा वाद्यवृंद इस्राएलला आला होता, ही गोष्ट आता फारशी कुणाला आठवत नाही, कारण ती तेवढी महत्त्वाची नव्हती, अशा आशयाचा तो मजकूर आहे. दिग्दर्शक आपल्या कथेची ओळख इतक्या खालच्या पट्टीत करून देतो आणि पुढची 87 मिनिटे ती पट्टी सोडत नाही. 2007 साली आलेला, एरान कोलिरिन यांचा मोठ्या पडद्यासाठीचा हा पहिलाच चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी त्यातला एखादा वेगळाच माणूस माझ्या अधिक जवळचा होऊन जातो. त्याविषयी नीट, सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

कथा सांगायला फार वेळ लागत नाही. अलेक्झांड्रियाच्या पोलिसांचे आठ जणांचे वादक पथक, तेल अवीवजवळच्या पेताह तिक्वा या शहरातल्या अरब सांस्कृतिक केंद्राच्या उद्घाटनासाठी येते. विमानतळावर त्यांना न्यायला कुणीच आलेले नसते. अरबीत ‘प’ हा उच्चार नसल्यामुळे चौकशीच्या खिडकीवर गावाचे नाव भलतेच ऐकले जाते आणि हे आठही जण वाळवंटातल्या बेत हतिक्वा नावाच्या आडगावी जाऊन उतरतात. तिथे सांस्कृतिक केंद्र नाही, उतरायला लॉज नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परतीची बसही नाही. गावात छोटे उपाहारगृह चालवणारी दीना नावाची बाई त्यांना जेवू घालते आणि रात्रीपुरती त्यांची वाटणी करते. काही जण तिच्या उपाहारगृहात झोपतात, काही ओळखीच्या एका कुटुंबात जातात आणि पथकाचा प्रमुख तौफीक व तरणाताठा हालेद हे दोघे तिच्या घरी राहतात. सकाळी सगळे निघून जातात.

परमुलखातल्या एकटेपणावरचे चित्रपट आपण बरेच पाहिलेले असतात. त्यांत एकटा असतो तो प्रवासी. त्याला भाषा कळत नाही, झोप येत नाही, काचेपलीकडचे शहर त्याच्याशी बोलत नाही, आणि मग त्याच्याइतकाच एकटा असा दुसरा प्रवासी त्याला भेटतो. कोलिरिन यांच्या चित्रपटातही आरंभी तसेच वाटते. आकाशी निळ्या गणवेशातली आठ माणसे चाकांच्या बॅगा ओढत ओसाड रस्त्याने एका रांगेत चाललेली दिसतात तेव्हा हे सगळे यांचेच दुःख असणार, अशी आपली खात्री होते. पण रात्र जसजशी वर चढते तसतसे ध्यानात येते की पाहुण्यांना निदान परत जायचे ठिकाण आहे, सकाळची बस आहे, त्यांच्या अंगावर गणवेश आहे आणि हातात वाद्य आहे. गावकऱ्यांना यातले काहीच नाही. आपल्याच गावात, आपल्याच घरात, आपल्याच माणसांत राहून जे एकटे पडले आहेत, त्यांच्याविषयीचा हा चित्रपट आहे. पाहुणे येतात, दार उघडावे लागते, आणि दाराआड काय आहे ते आपल्याला पाहायला मिळते. मला या चित्रपटातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच.

तौफीकचे काम सॅसन गाबाई यांनी केले आहे. ताठ कणा, बसकी मिशी, डोक्यावरून क्षणभरही न उतरणारी टोपी आणि तोंडी अतिशय मोजकी, औपचारिक इंग्रजी. पथकाने आजवर आपले आपण निभावले आहे, याचा त्याला विलक्षण अभिमान आहे, त्यामुळे मदत मागण्याची वेळ आली की त्याच्या चेहऱ्यावर अपमानाची रेघ उमटते. पोलिसांचा बँड ही गोष्ट आम्हा नाशिककरांना नवी नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत माझ्या आतेभावाचे दीक्षान्त संचलन होते तेव्हा आम्ही घरचे सगळे गेलो होतो. संचलन आटोपले, नवे फौजदार आईवडिलांच्या गळ्यात पडले, फोटो सुरू झाले, आणि मैदानाच्या कडेला बँडमधला एक वयस्क वादक ट्रम्पेट उलटे धरून त्याच्या नळीत साचलेले पाणी झटकत उभा होता. त्याने फडक्याने पितळ पुसले, वाद्य खोक्यात नीट बसवले, खिटी लावली, खात्री करण्यासाठी ती पुन्हा एकदा दाबून पाहिली आणि मग टोपी सरळ केली. त्याच्याकडे पाहणारे तिथे कुणी नव्हते, तरी त्याच्या हालचालींतला शिस्तीचा काटेकोरपणा कमी झाला नाही. तौफीकला मी पाहते तेव्हा तो वादक आठवतो. ज्या शिस्तीने माणूस उभा राहतो, तीच कधी कधी त्याला कुणाच्या जवळ जाऊ देत नाही, हे तौफीकच्या प्रत्येक हालचालीत दिसते.

दीना त्याच्या अगदी उलट आहे. रोनित एल्काबेत्झ या थोर अभिनेत्रीने तिला असे काही उभे केले आहे की कलिंगड कापण्यासारख्या साध्या कामातही तिचा कंटाळा, तिची ऐट आणि तिची भूक एकदम दिसावी. सांस्कृतिक केंद्र कुठे आहे असे विचारल्यावर ती सांगते की इथे केंद्र नाही, अरब संस्कृती नाही, इस्राएली संस्कृती नाही, कसलीच संस्कृती नाही. हे ती हसत सांगते, पण त्या हसण्याखाली अनेक वर्षांचा निचरा न झालेला राग आहे. तिचा संसार मोडला आहे, एका विवाहित माणसाशी तिचे संबंध आहेत आणि तो माणूस बायकामुलांना घेऊन तिच्यासमोरच जेवायला येऊ शकतो, इतके ते गाव लहान आहे. अशा बाईच्या दारात आठ अनोळखी, सभ्य, थकलेली माणसे येतात. ती त्यांना ठेवून घेते ती निव्वळ दया म्हणून नाही. त्या रात्री तिच्या गावात काहीतरी घडणार आहे, आणि ते तिला हवे आहे.

नाशिक हे आल्यागेल्याचे गाव. रामकुंडावर रोज कुठून कुठून माणसे येतात, दर बारा वर्षांनी सिंहस्थात तर गावाचे आकारमानच बदलते, आणि पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्यांत कोणत्या गावचे कोणते घराणे कोणत्या साली येऊन गेले याच्या नोंदी आजही सापडतात. आमचा वाडा काळाराम मंदिरापासून जवळ होता. आम्ही उपाध्ये नव्हतो, पण शेजारच्या उपाध्यांकडे गर्दी झाली की एखादे कुटुंब आमच्या ओसरीवर रात्रीपुरते उतरत असे. असेच एकदा आंध्रातले एक कुटुंब उतरले. त्यातली म्हातारी आणि माझी आजी एकाच वयाच्या असाव्यात. आजोबा गेल्यापासून आजी घरात कामापुरते बोलत असे. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. जेवणे झाली, पुरुष झोपले, आणि या दोघी माजघराच्या उंबरठ्याशी चिंच निवडत बसल्या. चिंचोके एका ताटलीत, गर दुसऱ्या. मी गोधडीतून पाहत होते. थोड्या वेळाने आजी बोलू लागली. आमच्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, तो तापाने गेला, त्याला औषध आणायला उशीर का झाला आणि त्या उशिराबद्दल तिने कुणाला माफ केले नाही, हे सगळे ती शुद्ध मराठीत, हलक्या आवाजात सांगत गेली. आमच्या घरात त्या मुलाचे नाव कधी कुणी काढलेले मी ऐकले नव्हते. तेलुगू बाई ऐकत होती, मान हलवत होती, मग तीही तिच्या भाषेत बराच वेळ काही सांगत राहिली. सकाळी ती माणसे त्र्यंबकला निघून गेली. आजीने त्यांचे गाव विचारले नाही, पत्ता घेतला नाही आणि त्या मुलाविषयी आमच्याशी पुढेही कधी बोलली नाही.

‘द बँड्स व्हिजिट’मध्ये तौफीक दीनाजवळ असेच बोलतो. तिने पथकप्रमुखाला आग्रहाने बाहेर जेवायला नेलेले असते. तिथून ते दोघे एका उघड्यावरच्या बाकावर येऊन बसतात, तिच्या लेखी ती गावाची बाग असते. ती विचारत राहते, तो टाळत राहतो. पहाटे मासे धरायला बसण्याविषयी तो बोलतो तेव्हा प्रथमच त्याच्या आवाजात ऊब येते. वाद्यवृंदासमोर उभे राहिल्यावर कसे वाटते असे ती विचारते, तर सांगता न आल्यामुळे तो हात उचलून दाखवतो, आणि तीही त्याच्याबरोबर तसेच हात उचलते. दोन माणसे रिकाम्या अंधारात न वाजणाऱ्या संगीताला दिशा देत बसलेली आहेत, एवढाच तो प्रसंग आहे. त्यानंतर केव्हातरी तो सांगतो की त्याला मुलगा होता, मुलाच्या हातून चूक झाली, आपण त्याच्याशी फार कठोर वागलो, मुलाने जीव दिला आणि त्या दुःखाने बायकोही गेली.

परक्या माणसाजवळ मन मोकळे करणे सोपे जाते, असे आपण नेहमी म्हणतो. या प्रसंगात मला त्याहून थोडे वेगळे काही दिसते. तौफीक ज्या इंग्रजीत हे सांगतो ती त्याची नाही, तिचीही नाही. त्याच्याजवळ शब्द फार थोडे आहेत. स्वतःच्या भाषेत आपल्यापाशी आपली बाजू मांडायला हजार शब्द असतात. परिस्थिती अशी होती, मुलगाच तसा होता, चार लोक काय म्हणाले असते, असे करत करत माणूस मूळ गोष्टीपासून दूर निसटतो. मोडक्यातोडक्या भाषेत ते करता येत नाही. तिथे फक्त मूळ गोष्ट सांगता येते. तौफीकपाशी सबबी सांगण्याइतकी भाषाच नव्हती, म्हणून तो खरे बोलला, असे मला प्रत्येक वेळी वाटते. माझ्या आजीने मराठीतच सांगितले हे खरे, पण समोरचीला ती भाषा कळत नसल्यामुळे सबबी सांगण्याची गरज तिलाही उरली नव्हती.

या मोडक्या इंग्रजीमुळे चित्रपटाचे एक नुकसानही झाले. इस्राएलने परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याची निवड केली होती, परंतु निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत आहेत या कारणावरून तो त्या विभागातून बाद ठरवला गेला आणि त्याच्या जागी ‘बोफोर’ हा चित्रपट पाठवण्यात आला. नियमाप्रमाणे ते बरोबर असेलही. पण ज्या चित्रपटात इंग्रजी ही कुणाचीच भाषा नाही, ती केवळ दोन परक्यांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यापुरती उसनी घेतलेली आहे, त्याला इंग्रजी चित्रपट ठरवावे हे मला आजही पटत नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणी आणि त्यांचे ओडिशाचे, बिहारचे भाडेकरू ज्या हिंदीत बोलतात ती हिंदीही अशीच असते. तिच्यात लिंग-वचनाचा पत्ता नसतो, पण ताप आलेल्या पोराला मऊ भात कुणी दिला, याची नोंद तिच्यात बरोबर होते.

आता ज्या प्रसंगाविषयी लिहायला मला सर्वांत अधिक आवडते त्याकडे येते. हालेद गावातल्या तरुणांबरोबर रोलर स्केटिंगच्या ठिकाणी जातो. पापी नावाचा एक बुजरा मुलगा एका मुलीसोबत आला आहे, आणि तिच्याशी कसे वागावे हे त्याला मुळीच कळत नाही. मुलगी हिरमुसून रडू लागते. मग बाकावर तिघे एका रेषेत बसलेले दिसतात, एका टोकाला हालेद, मध्ये पापी, पलीकडे मुलगी. कॅमेरा हलत नाही. हालेद पापीच्या हाती रुमाल देतो, पापी तो मुलीला देतो. हालेद प्यायला देतो, पापी ते पुढे करतो. मग हालेद आपला हात पापीच्या गुडघ्यावर ठेवतो, पापी आपला हात मुलीच्या गुडघ्यावर ठेवतो. हालेद हात हळुवार फिरवतो, पापीही तसेच करतो. संवाद नाही. एक इजिप्शियन पोलीस एका इस्राएली पोराला प्रेम करायला शिकवतो आहे, आणि शिकवण्याचा मार्ग म्हणून त्याला स्वतःच ते प्रेम आधी त्या पोराला द्यावे लागते आहे. प्रेक्षक हसतात, मीही हसते, पण त्या हसण्यात डोळे भरून येतात. दिग्दर्शकाने इथे कॅमेरा जागचा हलवला असता किंवा मुलीच्या चेहऱ्याजवळ नेला असता तर हा प्रसंग नुसताच गंमतीचा झाला असता. तिघांना एकाच चौकटीत धरल्यामुळे माया एका माणसाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे कशी सरकते, हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते.

हालेदचे काम करणारे सालेह बक्री पॅलेस्टिनी आहेत. तौफीक झालेले गाबाई बगदादला जन्मले. एल्काबेत्झ यांचा जन्म बीरशेबाचा, पण घराणे मोरोक्कोचे. म्हणजे त्या प्रदेशातली स्थलांतरे आणि ताटातुटी पडद्यावरच्या माणसांच्या रक्तातच आहेत, संवादांतून वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. इजिप्त आणि इस्राएल यांच्यात 1979 साली शांतता करार झाला; त्यापूर्वी दोघे रणांगणावर वारंवार समोरासमोर आले होते. चित्रपटात या वैराचा उल्लेख जवळजवळ नाही. दीनाच्या उपाहारगृहात भिंतीवर रणगाड्याचे एक छायाचित्र टांगलेले असते. जेवायला बसताना पथकातला एक वादक आपली टोपी काढतो आणि त्या छायाचित्रावर अडकवून ठेवतो. इतकेच. काही जणांनी या चित्रपटाला भाबडे म्हटले आहे. खऱ्या संघर्षाकडे पाठ फिरवून गोड गोष्ट सांगितली, असा त्यांचा आक्षेप आहे. मला तो मान्य नाही. टोपीखाली रणगाडा आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तरी पानात वाढलेले जेवण निवण्याआधी खायचे आहे. जेवणाच्या वेळेपुरते एक गोष्ट झाकून ठेवणे म्हणजे ती विसरणे नव्हे. शिवाय बाहेरच्या जगाने त्यांना ती विसरू दिलीही नाही, कैरोच्या चित्रपट महोत्सवाची दारे या चित्रपटाला बंदच राहिली.

दीनाला मात्र इजिप्त लहानपणापासून ओळखीचा आहे. पूर्वी इस्राएलच्या दूरचित्रवाणीवर शुक्रवारी दुपारी अरबी चित्रपट लागत. त्या वेळी रस्ते ओस पडत, आणि आई, बहीण व ती, तिघी मिळून ओमर शरीफ आणि फातेन हमामा यांच्या प्रेमकथा पाहत रडत, असे ती तौफीकला सांगते. शनिवारच्या मराठी आणि रविवारच्या हिंदी चित्रपटासाठी आमची सगळी आळी ज्या एका घरात जमत असे, त्या दिवसांची आठवण असलेल्या माझ्या पिढीला हे फोड करून सांगावे लागत नाही. ज्या देशाशी आपली लढाई आहे त्याच देशाच्या नायकावर एक लहान मुलगी जीव टाकून बसलेली असते. तौफीक तिच्या दारात आला तेव्हा तिला एकदम जवळचा वाटला याचे मूळ त्या शुक्रवारच्या दुपारांत आहे.

बेत हतिक्वा हे गाव नकाशावर नाही. पण चित्रीकरण झाले ते यरुहाम हे गाव खरे आहे. नेगेव्हच्या वाळवंटात 1951 साली ते वसवले गेले, आणि देशोदेशीहून आलेल्या ज्यूंना तिथे नेऊन राहायला लावले. हे वाचले तेव्हा मी दचकले, कारण यरुहाम, दिमोना, बीरशेबा ही नावे मला वेगळ्याच संदर्भात माहीत होती. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे बेने इस्राएल ज्यू 1948 नंतर तिकडे गेले, आणि त्यांच्यापैकी बरेच जण याच दक्षिणेकडच्या गावांत वसले. त्यांनी मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून चालवले, आणि मंगलप्रसंगी मलिद्याचे ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करण्याची कोकणातली रीतही सोबत नेली. चित्रपटात त्यांचा उल्लेख नाही आणि तो असायलाच हवा होता असेही माझे म्हणणे नाही. पण हे कळल्यापासून मला ती ओसाड गल्ली, त्या एकसारख्या इमारती, तो धुळकट चौक पूर्वीसारखा परका दिसत नाही. जगाच्या टोकाला असलेले, कसलीच संस्कृती नसलेले गाव म्हणून दीना ज्याची ओळख करून देते, तिथल्या एखाद्या स्वयंपाकघरात आपल्यासारख्याच मराठीत कुणी कुणाला हाक मारत असेल, आणि समुद्राकाठी वाढलेली ती माणसे पहिल्या उन्हाळ्यात त्या वाळूकडे बघत काय बोलली असतील, असा विचार येतो. समुद्राच्या गावाहून येऊन वाळवंटात अडकलेली तौफीकची माणसे त्या वस्तीत उतरलेली काही पहिलीच नव्हेत.

ज्या घरी पथकातले काही जण पाहुणे म्हणून जातात त्या इत्झिकच्या घरचा प्रसंग पाहताना अवघडलेपण अंगावर येते. त्या दिवशी त्याच्या बायकोचा वाढदिवस आहे. इत्झिकला काम नाही, नवरा-बायकोत धुसफूस आहे, आणि त्यातच हे गणवेशवाले टेबलाभोवती बसले आहेत. बोलायला विषय नाही, भाषा नाही. अखेर घरातला म्हातारा आपल्या जुन्या प्रेमाच्या आठवणीत शिरतो आणि 1935 सालच्या एका अमेरिकी संगीतिकेतले ‘समरटाइम’ हे गाणे टेबलावर सुरू होते. सगळे गातात. गाणे संपते, आणि घर पुन्हा होते तसेच होते. हे मला फार प्रामाणिक वाटते. गाण्याने त्या नवरा-बायकोचे काही सुधारत नाही. पुढे रात्री, पथकातला सिमॉन, ज्याची एक रचना कित्येक वर्षे अर्धवट पडून आहे, तो इत्झिकच्या तान्ह्या बाळाच्या खोलीत बसलेला असताना इत्झिक त्याला त्या रचनेचा शेवट कसा असावा ते सुचवतो. वाजतगाजत शेवट नको. एक लहानशी खोली, दिवा, पलंग, झोपलेले बाळ आणि मणभर एकटेपण, असा असावा. बेकार, बायकोच्या नजरेतून उतरलेला माणूस संगीतकाराला त्याची रचना पुरी करून देतो. त्या क्षणी घरात देणारा तोच आहे.

गावातल्या सार्वजनिक टेलिफोनजवळ एक तरुण रोज रात्री उभा राहतो. त्याची प्रेयसी फोन करील म्हणून तो थांबलेला असतो. पथकातल्या माणसाला आपल्या वकिलातीला फोन लावायचा असतो तेव्हा हा तरुण अस्वस्थपणे बाजूला उभा राहतो, कारण नेमका आत्ताच तिचा फोन आला तर काय, ही भीती. नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला हा तरुण ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या, इंदिरानगरच्या कितीतरी सोसायट्यांत आज मागे उरले आहेत ते आईवडील. मुले टोरांटोला, डब्लिनला, मेलबर्नला. आमच्या इमारतीतले एक काका रात्री ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट मांडून बसतात. तो साखरेच्या स्टीलच्या डब्याला टेकवतात, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खुर्ची सरकवतात, स्वच्छ शर्ट घालतात. त्या वेळेत दुसरा कुणाचा फोन आला तर उचलत नाहीत. परदेशात गेलेल्या मुलांच्या एकाकीपणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खरेही आहे. पण त्यांचा मुलगा तिथे नव्या गावात, नव्या हवेत, नव्या माणसांत काही ना काही धडपडतो आहे. काका तीच खोली, तोच रस्ता, तीच भाजीवाली यांच्यात आहेत, आणि तरी परदेश त्यांच्याच वाट्याला आला आहे.

तौफीक आणि दीना यांची रात्र आपल्याला हवी तशी संपत नाही. दोघांना एकमेकांविषयी ओढ वाटली आहे हे स्पष्ट असते. पण तो आपल्या दुःखाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही. रात्री उशिरा दीना आणि हालेद जवळ येतात. पहिल्यांदा पाहताना मला याचा राग आला होता. चित्रपटाने उभे केलेले नाजूक नाते त्यानेच मोडले असे वाटले. आता मला ते योग्य वाटते, किंबहुना त्यामुळेच तो चित्रपट खोटा होत नाही. दीनाला त्या रात्री कुणीतरी हवे होते. तौफीककडून तिला मिळाले ते दुसरे काही होते, आणि त्याची बरोबरी हालेदशी करता येत नाही. तौफीकनेही हालेदला क्षमा केलेली दिसते. पूर्वी जो उर्मटपणा त्याला सहन होत नव्हता त्याच पोराशी तो रात्री चेट बेकर या अमेरिकी जाझ वादकाच्या ट्रम्पेटविषयी बोलतो. आपल्या मुलाशी जे करता आले नाही ते त्याने परक्या गावात, दुसऱ्याच्या मुलाशी करून पाहिले, असे मला वाटते. कथेत कुणी हे म्हणत नाही.

सकाळी पथक निघून जाते, आणि मग काही क्षणांतच आपण त्यांना ज्या कार्यक्रमासाठी ते आले होते त्या ठिकाणी पाहतो. तौफीक स्वतः उभा राहून गातो. हे शेवटचे दृश्य नको होते, निरोपावरच थांबायला हवे होते, असे माझी एक मैत्रीण म्हणते. मला मात्र त्या दृश्यावाचून चित्रपट पुरा वाटला नसता. संबंध चित्रपटात आपण या माणसांना गणवेशात पाहिले, वाद्यांची ओझी वाहताना पाहिले, सिमॉनची चार स्वरांची अर्धवट रचना ऐकली. पण हे आठ जण एकत्र बसून काय करू शकतात ते ऐकायला मिळते ते इथेच. आणि त्यांना ज्यांनी जेवू घातले, अंथरुणे दिली, वाढदिवसाच्या टेबलावर बसवून घेतले, त्यांच्यापैकी कुणीही तिथे नाही. पोलिसांच्या पथकाला उम्म कुल्थुम या इजिप्तच्या थोर गायिकेची गाणी वाजवायची काय गरज आहे, असे दीनाने रात्री विचारले होते, आणि माणसाला आत्म्याची काय गरज आहे असे विचारण्यासारखेच ते आहे, असे तौफीक म्हणाला होता. पेताह तिक्वाच्या श्रोत्यांसमोर तो गातो तेव्हा दीनाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर तो देत असतो, आणि ते दीनाला कधीच ऐकायला मिळत नाही.